लेट फादर, लास्ट लोकल आणि आपला हजेरीपट



आठवीच्या वर्गाला ‘माय फॅमिली’ या विषयावर दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. वह्या तपासताना एका ओळीवर माझं लाल पेन थांबलं. ‘माय लेट फादर वर्क्स इन लोअर परळ.’ म्हणजे ‘माझे दिवंगत वडील लोअर परळला कामाला आहेत’! मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी मुलाचं नाव न घेता ती ओळ मी फळ्यावर लिहिली आणि वर्गाला विचारलं, “यात गंमत काय झाली आहे, सांगा बरं.” पुढच्या बाकांवरची तीन-चार मुलं हसली. ज्याची ओळ होती तो खाली मान घालून बसला.

मधल्या सुट्टीत तो स्टाफरूमच्या दारात आला. “मॅडम, पप्पा रोज अकरा वाजता घरी येतात. लेटच येतात. मग लेट फादर नाही तर काय लिहायचं?”

आता तुम्हीच सांगा, यात त्या मुलाचं काय चुकलं? टॉल फादर, स्ट्रिक्ट फादर, तसं लेट फादर. विशेषण नामाच्या आधी येतं हे मीच शिकवलं होतं. ‘लेट’ म्हणजे उशिरा हेही मीच शिकवलं होतं. मी शिकवलं नव्हतं ते एवढंच, की हा शब्द माणसाच्या आधी बसला की माणूस जातो आणि माणसाच्या नंतर आला, ‘माय फादर इज लेट’, की तो फक्त कर्जत लोकलमध्ये अडकलेला असतो. त्या मुलाची माफी मी मागितली, पण उशिराच! आणि त्या दिवसापासून उशिराचे आणि क्रमाचे इंग्रजी शब्द कसे शिकवायचे याचा मी जरा वेगळा विचार करायला लागले. आजचा लेख त्यावरच आहे.

आपण हे शब्द कसे शिकवतो ते आठवा. तरतमभावाचा तक्ता. लेट – लेटर – लेटेस्ट. त्याखाली दुसरी ओळ, लेट – लॅटर – लास्ट. मुलं पाठ करतात, परीक्षेत रिकाम्या जागा भरतात, विसरतात. एकाच शब्दाची दोन-दोन रूपं का, असा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारलाच तर आपण सांगतो, “तो अपवाद आहे, पाठ कर.” मीही पंधरा वर्षं हेच सांगत होते.

खरी गोष्ट अशी आहे. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण हजार-बाराशे वर्षांपूर्वी, हा शब्द ‘लॅट’ असा होता आणि त्याचा मूळ अर्थ होता मंद, सुस्त, हळू चालणारा. त्याचं ‘अधिक मंद’ हे रूप म्हणजे आजचा ‘लॅटर’ आणि ‘सर्वांत मंद’ हे रूप म्हणजे आजचा ‘लास्ट’. जो सर्वांत हळू चालतो तो सर्वांच्या मागे राहतो, शेवटी पोचतो, म्हणून ‘लास्ट’ म्हणजे शेवटचा. पुढे लोक हे विसरले की ‘लास्ट’ हा ‘लेट’चाच मुलगा आहे. मग त्यांनी ‘लेट’ला पुन्हा नवे प्रत्यय लावले आणि ‘लेटर’, ‘लेटेस्ट’ तयार केले. म्हणजे तक्त्यातली दुसरी ओळ हा अपवाद नाहीच. ती जुनी पिढी आहे आणि पहिली ओळ नवी पिढी. एकाच घरात दोन्ही नांदतात, इतकंच.

ही गोष्ट सांगितली की मुलांचे बाकीचे प्रश्न आपोआप सुटायला लागतात. ‘लेटेस्ट मोबाईल’ म्हणजे सर्वांत नवा मोबाईल आणि ‘लास्ट लोकल’ म्हणजे शेवटची गाडी, असं का? रांगेत सगळ्यात उशिरा येऊन उभा राहिलेला माणूस रांगेतला शेवटचाही असतो आणि सगळ्यात ताजाही असतो. एकाने एक बाजू उचलली, दुसऱ्याने दुसरी. माझ्या वर्गात ‘लास्ट संडे वी वेन्ट टू टिटवाळा’ याचं भाषांतर दरवर्षी कुणीतरी ‘शेवटच्या रविवारी आम्ही टिटवाळ्याला गेलो’ असं करतो. शेवटचा रविवार! जणू त्यानंतर रविवार उगवलाच नाही. इथे ‘लास्ट’ हा ‘अगदी अलीकडचा’ या अर्थाने आहे, ‘गेल्या रविवारी’. लेटेस्ट रविवार म्हणा हवं तर.

लिपीमुळेही गोंधळ होतो. आपण देवनागरीत पत्रालाही ‘लेटर’ लिहितो आणि ‘नंतर’ या अर्थाच्या शब्दालाही ‘लेटर’च. मुलं मग इंग्रजीत ‘आय विल मीट यू’च्या पुढे पत्राचं स्पेलिंग लिहितात. आपण स्पेलिंगचे मार्क कापतो. कान एकच ऐकतो तेव्हा हाताने दोन वेगळे शब्द कसे लिहावेत, हे सांगायला आपल्याला वेळ नसतो.

आता त्या ‘लेट फादर’कडे येऊ. उशिरा येणारा आणि देवाघरी गेलेला हे दोन अर्थ एका शब्दात कसे आले? ‘लेटली’ म्हणजे अलीकडे, हे आपल्याला माहीत आहे. पंधराव्या शतकाच्या सुमारास ‘द लेट किंग’ असं म्हणायला लागले ते याच अर्थाने, अलीकडेपर्यंत जो राजा होता तो. म्हणजे मृत्यूचा उल्लेख त्यात सरळ नाहीच, फक्त ‘अलीकडेपर्यंत होते’ एवढंच आहे. म्हणून शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसाला कुणी ‘लेट’ लावत नाही. आपल्याकडे मात्र लग्नपत्रिकेत ‘कै.’ लिहितात, म्हणजे कैलासवासी, किंवा स्वर्गीय, वैकुंठवासी. मराठी माणूस गेलेला कुठे गेला ते सांगतो, इंग्रज कधीपर्यंत होता ते सांगतो. मला आपली पद्धत जास्त मायेची वाटते, पण तो माझा पक्षपात समजा.

घाटातल्या आणि महामार्गावरच्या पाट्यांवर एक वाक्य तुम्ही वाचलं असेल : ‘बेटर मिस्टर लेट दॅन लेट मिस्टर’. शब्दांची जागा बदलली की काय होतं, ते या पाटीइतकं चांगलं मी कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात पाहिलेलं नाही. मी ती वर्गात फळ्यावर लिहिते आणि काही न बोलता उभी राहते. साधारण अर्ध्या मिनिटात कुणाची तरी ट्यूब पेटते.

उशिराच्या इतर शब्दांतही अशीच मजा आहे. वाढदिवस विसरलो की व्हॉट्सॲपवर आपण ‘बिलेटेड हॅपी बर्थडे’ टाकतो. हा ‘बिलेटेड’ मुळात रस्त्यातच रात्र पडलेल्या वाटसरूसाठी होता, मुक्कामाला पोचायच्या आत ज्याला अंधाराने गाठलं तो. कल्याणहून पुढे शहाड, आंबिवली, टिटवाळ्याकडे जाणाऱ्या कितीतरी आई-बाबांना हा शब्द केकपेक्षा जास्त शोभतो. ‘पंक्च्युअल’ हा लॅटिनमधल्या ‘टोचणे, टोचून केलेला ठिपका’ या शब्दावरून आला आणि त्याच कुळातला आपला रोजचा ‘पंक्चर’. सायकल पंक्चर झाली म्हणून पंक्च्युअल राहता आलं नाही, हे वाक्य मुलं कधीच विसरत नाहीत! वाक्यातल्या ठिपक्यांचं आणि स्वल्पविरामांचं ‘पंक्चुएशन’ही त्याच घरातलं. ‘प्रोक्रॅस्टिनेट’ हा लांबलचक शब्द पाहून मुलं घाबरतात. त्यात ‘क्रास’ हा लॅटिन शब्द आहे, अर्थ ‘उद्या’. प्रत्येक काम उद्याच्या दिशेने पुढे ढकलणं. आपण त्याला चालढकल म्हणतो.

गंमत म्हणजे इंग्रजीत ‘लेट’ असाच ऐकू येणारा, ‘अडथळा’ या अर्थाचाही एक शब्द आहे. त्याचं मूळही तेच, एखाद्याला मंद करणं, उशीर करायला लावणं. बॅडमिंटन-टेनिसमध्ये सर्व्हिस अडली की पंच ‘लेट’ म्हणतो तो हा. आणि तुमच्या घरी पासपोर्ट असेल तर आतला मजकूर वाचून बघा. धारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ जाऊ द्यावं, अशी राष्ट्रपतींच्या नावाने विनंती आहे. मुंबईच्या लोकल प्रवाशालाही असा एखादा पासपोर्ट मिळाला तर बरं होईल.

माझ्या बहिणीचा मुलगा न्यू जर्सीत शिकतो. त्याला शाळेत उशीर झाला की चिठ्ठी मिळते, त्यावर ‘टार्डी’ लिहिलेलं असतं. तिने फोनवर विचारलं, “हा काय नवीन प्रकार?” लॅटिनमधल्या ‘टार्डुस’पासून आला आहे तो, अर्थ पुन्हा मंद! म्हणजे बघा, इंग्लंडचा शब्द घ्या की अमेरिकेतल्या शाळेचा, तळाशी एकच समजूत बसली आहे : ज्याला उशीर झाला तो मंद आहे, सुस्त आहे. खुद्द ‘स्लो’ या शब्दाचा जुना अर्थही आळशी आणि बुद्धीने जड असा होता आणि आळस या अर्थाचा ‘स्लॉथ’ त्याच्यापासूनच झाला. हळू, आळशी, ढ आणि उशिरा, चारही गोष्टी एका पोतडीत.

इथे आपल्या ठाणे-कल्याणच्या मुलांना एक मोठा फायदा आहे, तो तुम्ही वर्गात जरूर वापरा. स्लो आणि लेट यांतला फरक त्यांना बालवाडीपासून माहीत असतो. कल्याणला जाणारी स्लो लोकल कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली असं सगळीकडे थांबत जाते आणि तरी अगदी वेळेवर पोचू शकते. फास्ट लोकल वाटेत न थांबणारी असूनही वीस मिनिटं लेट असू शकते. स्लो असणं हा गाडीचा स्वभाव झाला, लेट होणं ही त्या दिवसाची घटना. इंग्रजी भाषेला हे दोन अर्थ वेगळे करायला कित्येक शतकं लागली. आपल्या पोरांना इंडिकेटर वाचता वाचता कळतं.

आणि तरीही शाळेच्या फाटकाच्या आत आलं की आपण हा फरक विसरतो. जो मुलगा गणित हळू सोडवतो, पण शेवटी बरोबर सोडवतो, त्याला आपण ‘मागे पडलेला’ म्हणतो. जो दहा मिनिटं उशिरा येतो त्याला ‘आळशी’ म्हणतो. ‘लास्ट आला’ असं पालक स्वतःच्या मुलाबद्दल चारचौघांत सांगतात, तेव्हा त्या शब्दाच्या पोटात ‘सर्वांत सुस्त’ हा हजार वर्षं जुना शेरा आहे हे त्यांना ठाऊक नसतं. पण आवाजात तो शेरा असतोच, मुलाला तो ऐकू येतो.

मराठीकडे वळून बघा जरा. आपल्याकडे उशिराला किती शब्द आहेत आणि आपण ते किती बरोबर वापरतो! घरी ‘उशीर झाला’ म्हणतो, त्यात कुणाला दोष नाही, झालाय इतकंच. स्टेशनवर ‘विलंब’ होतो. सरकारी कामात ‘दिरंगाई’ होते. हा शब्द फारसीतल्या ‘दिरंग’वरून आलेला आणि मराठीत तरी त्यात कामचुकारपणाचा आरोप हमखास असतो. आणि पाऊस पडून रूळ पाण्याखाली गेले की दुसऱ्या दिवशी पेपरात ‘प्रवाशांचा खोळंबा’ असं छापून येतं. प्रवाशांची दिरंगाई झाली असं कुणी छापत नाही, कारण खोळंबा दुसऱ्यामुळे होतो. दिरंगाई कोण करतं आणि खोळंबा कुणाचा होतो, हे मराठी भाषा शब्दातच सांगून टाकते.

‘विलंब’ शब्दाबद्दल एक सांगते, मग पुढे जाते. संस्कृत ‘लंब्’ म्हणजे लोंबणे, लटकणे. घड्याळाचा लंबक, दुसऱ्यावर अवलंबून असणं, सगळं तिथलंच. विलंब म्हणजे मुळात लटकून राहणं. हे मी वर्गात सांगितलं त्याच्या काही दिवस आधी, ९ जून २०२५ ला, सोमवारी सकाळी ऑफिसच्या वेळेला, मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. त्यातले काही जण गेले. माझ्या वर्गातली बरीच मुलं दिवा-मुंब्रा भागातली. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, विलंब नको म्हणूनच लटकतात ना?” मी त्या दिवशी पुढे शिकवू शकले नाही. बऱ्याच ऑफिसांत तीन लेट मार्क झाले की एक रजा कापली जाते, हे त्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला माहीत होतं.

म्हणून मला वाटतं, शाळेतला लेट मार्क ही साधी गोष्ट नाही. मोठेपणी दारात लटकायची सवय आपण इथूनच लावत असू, तर थोडं थांबून विचार करायला हवा.

कल्याणचा पत्री पूल आठवतो? शंभराहून जास्त वर्षांचा तो पूल धोकादायक म्हणून ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाला, नोव्हेंबरमध्ये पाडला आणि नवा पूल वाहतुकीला खुला झाला २५ जानेवारी २०२१ ला. मधल्या काळात, कोविडमुळे शाळा बंद होईपर्यंत, त्या भागातून रिक्षा आणि स्कूल बसने येणारी मुलं रोज कोंडीत अडकायची. मी तेव्हा ज्या शाळेत होते तिथे फाटक ठरल्या वेळी बंद व्हायचं. उशिरा आलेली मुलं भिंतीला लागून उभी. त्यांच्या डायरीत लाल शाईत ‘लेट’. तीन वेळा झालं की पालकांना बोलावणं. माझ्या स्वतःच्या हाताने मी कित्येक डायऱ्यांत तो शब्द लिहिला आहे. पूल व्हायला लागलेल्या अडीच वर्षांच्या खोळंब्याला आम्ही बारा वर्षांच्या मुलांच्या नावावर दिरंगाई म्हणून जमा करत होतो. त्या वेळी हे माझ्या डोक्यातही आलं नाही. नियम होता, पाळला.

आणि उशीर तरी कुणाच्या घड्याळाने? १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली, पुढच्या वर्षी ती कल्याणपर्यंत गेली. पुढे रेल्वेने मद्रासची वेळ धरली, आणि मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा सुमारे अर्धा तास मागे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तीही मुंबईच्या वेळेच्या ३९ मिनिटं पुढे. मुंबईने आपली जुनी वेळ लगेच सोडली नाही, ती पार १९५५ पर्यंत शहरात काही ठिकाणी चालू होती. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात एकच माणूस एका घड्याळाने लवकर आलेला आणि दुसऱ्या घड्याळाने लेट असू शकत होता! आठवीला इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांनी आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी मिळून हा तास घ्यावा असं मला फार दिवसांपासून वाटतंय.

क्रमाचे शब्द राहिलेच. थोडक्यात सांगते, कारण तिथेही हाच धागा आहे. ‘फर्स्ट’ म्हणजे सर्वांत पुढचा. आपल्या ‘प्रथम’मधला ‘प्र’ आणि हा ‘फर्स्ट’ फार दूरच्या नात्यातले भाऊ आहेत. ‘सेकंड’ मात्र इंग्रजीचा स्वतःचा नाही. जुन्या इंग्रजीत दुसऱ्याला ‘अदर’ म्हणत. ‘सेकंड’ लॅटिनमधून आला, अर्थ ‘मागून येणारा, सोबत चालणारा’. त्याच मुळापासून संस्कृतात ‘सचिव’ झाला, सोबत करणारा तो सचिव. म्हणजे सेकंड येणं म्हणजे हरणं असं त्या शब्दात कुठेही नाही. घड्याळातला ‘सेकंद’ही हाच. तासाचे साठ भाग केले तो पहिला बारीक भाग, मिनिट. त्याचे पुन्हा साठ केले तो ‘दुसरा बारीक भाग’, सेकंद. वर्गात हे सांगितलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, “मग थर्डही असायला पाहिजे.” आता याच्यापुढे मी काय शिकवणार!

‘पेनल्टिमेट’ हा शब्द स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकात पाहून मुलं दचकतात. शेवटून दुसरा. मराठीत तो शब्द तुम्ही शुद्धलेखनाच्या नियमांत शिकलात, उपान्त्य. क्रिकेटच्या बातम्यांत सेमीफायनलला उपांत्य फेरी म्हणतात तोच. कल्याण लोकलचं उपांत्य स्टेशन कोणतं? ठाकुर्ली. उलट्या दिशेने सीएसएमटीला जाताना? मस्जिद. बस, शब्द कळला. ‘फॉर्मर’ आणि ‘लॅटर’ दोघांतच वापरायचे हेही असंच स्टेशनांनी सांगा. ठाणे आणि कल्याण म्हटलं तर फॉर्मर ठाणे, लॅटर कल्याण. मध्ये डोंबिवली घातली की तीन झाले, मग लॅटर चालत नाही, ‘लास्ट’ म्हणायचं. डोंबिवलीकर नेहमीप्रमाणे मध्येच लटकतात, असं आमच्या वर्गातला एक कल्याणकर म्हणाला आणि वर्गात दोन तट पडले.

पालकांसाठी एक गोष्ट. मराठी माध्यमाच्या मुलाच्या दहावीच्या इंग्रजीच्या पेपरावर ‘तृतीय भाषा’ असं असतं. काही पालकांना ते खटकतं, आपली मुलं तिसऱ्या दर्जाचं इंग्रजी शिकतात असं त्यांना वाटतं. तिथे तिसरी म्हणजे क्रमाने तिसरी, दर्जाने नाही. आपल्या राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच आहे. उशिरा सुरू झालं म्हणून कच्चं राहिलं, ही तक्रार आता तरी आपल्याला करता येणार नाही. कच्चं राहत असेल तर ते तक्ते पाठ करून घेतल्यामुळे राहतं, असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असू शकेल.

आता आक्षेपांकडे. हे सगळं मी स्टाफरूममध्ये बोलले तेव्हा माझ्या एक ज्येष्ठ सहकारी म्हणाल्या, “अगं, शब्दांच्या गोष्टी ठीक आहेत, पण फाटक उघडं ठेवलं तर उद्या अर्धी शाळा दहाला येईल.” त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पन्नास-साठ मुलांचा वर्ग असतो. तास सुरू झाल्यावर दर पाच मिनिटांनी दार वाजलं तर जी मुलं पहाटे उठून वेळेवर आली त्यांच्यावर अन्याय होतो. वेळेची शिस्त हवीच. माझ्या वर्गातही दिरंगाई करणारी मुलं आहेत, समोरच्या इमारतीत राहून रोज शेवटच्या मिनिटाला धावत येणारी. त्यांना मी सोडत नाही.

मी एवढंच केलं, की माझ्या वर्गाच्या हजेरीपटाशेजारी एक साधी शंभर पानी वही ठेवली. उशिरा आलेल्या मुलाने आत येऊन बसायचं, आणि मधल्या सुट्टीत त्या वहीत आपल्या नावापुढे स्वतःच एक अक्षर लिहायचं. ‘खो’ म्हणजे खोळंबा. ‘दि’ म्हणजे दिरंगाई. बाकी काही लिहायचं नाही, सबब सांगायची नाही. पहिल्या आठवड्यात सगळे ‘खो’च होते, आणि मी मनात म्हटलं, फसला प्रयोग. मग हळूहळू ‘दि’ दिसायला लागले. मुलं स्वतःच्या नावापुढे स्वतःच्या हाताने ‘दि’ लिहायला लागली. एकाने तर ‘दि’ खोडून ‘खो’ केलं, आणि दुसऱ्या दिवशी परत ‘दि’ केलं. मी त्याला काही विचारलं नाही. दुसरीकडे एका मुलीच्या नावापुढे सलग ‘खो’ यायला लागले, तेव्हा मी तिच्या आईला फोन केला. आईची ड्यूटी बदलली होती, सकाळी धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडून हीच शाळेत येत होती. लेट मार्क देत राहिले असते तर मला हे कळलंच नसतं. आता ती पहिल्या तासाला दहा मिनिटं उशिरा येते, आणि पहिला तास माझा असल्यामुळे ते आमच्या दोघींत ठरलेलं आहे. शाळेच्या हजेरीपटात काय लिहायचं हा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्यात रकाना एकच आहे.

तुमच्या शाळेत काय करतात, जरूर कळवा. आणि तक्ता शिकवायच्या आधी एकदा शब्दांची ही घराणी वर्गात सांगून बघा. पस्तीस मिनिटांच्या एका तासात होतं.

त्या मुलाच्या वडिलांची आणि माझी भेट पुढे झाली. पालकसभा रविवारी ठेवली होती आणि त्या दिवशी नेमका मेगाब्लॉक. सभा संपली, सह्यांचा कागद मी घडी करून पर्समध्ये टाकला, खुर्च्या उचलायला शिपाईदादा आले, तेव्हा ते घामाघूम होऊन दारात उभे राहिले. मुलगा मागे.

“सॉरी मॅडम, लेट झालो. ब्लॉक होता.”

“लेट नाही,” मुलगा मागून म्हणाला, “पप्पा, खोळंबा म्हणा.”

मी कागद परत बाहेर काढला.